विकर, विकार आणि पाठभेद

‘विकर’ आणि ‘विकार’ या दोन शब्दांत अवघ्या एका कान्याचा फरक आहे. शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना शालेय विज्ञानाची मराठी ‘विकर’ म्हणते. एंझाइम ते हेच. ‘विकार’ म्हणजे बिघाड, व्याधी, मनाचा क्षोभ. विद्यार्थ्यांच्या वह्यांत हा काना कधी गळतो, कधी नको तिथे येऊन बसतो, आणि तपासणाऱ्याला वाक्य पुन्हा वाचावे लागते. वहीतला काना लाल शाईने दुरुस्त होतो. बोलण्यातला होत नाही. आनुवंशिकतेविषयी मराठीत बोलताना हा काना जागोजागी आपोआप पडतो, असे आमचे निरीक्षण आहे. विकरातला जन्मजात फरक सांगता सांगता विकार होतो, विकाराचा दोष होतो आणि दोष म्हटले की तो कोणाला द्यायचा, याचा शोध सुरू होतो. या फरकाला एक जुना, नेमका आणि निर्वैर शब्द मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांजवळ पूर्वीपासून आहे. तो शब्द ‘पाठभेद’ होय. तो आपण बाहेर काढून वापरला पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

मराठीच्या प्राध्यापकांनी विकरांच्या वाटेला का जावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या परिसरात आहे. जवाहरनगरच्या एका अंगाला आयुध निर्माणीची वसाहत आहे. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे तेथे दोन-तीन पिढ्या नांदत आहेत. दुसऱ्या अंगाला वैनगंगेच्या खोऱ्यातील भाताची गावे आहेत. या पूर्व विदर्भात सिकलसेलचे अस्तित्व वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली होती. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी करण्याचे उद्दिष्ट तिने ठेवले. तपासणी झाली की हाती कार्ड येते. ते कार्ड जवळ असलेली मुले-मुली आमच्या वर्गांत बसतात, आणि कार्डावर जे लिहिलेले आहे त्याचा अर्थ त्यांना घरी मराठीतच सांगावा लागतो. आईला, आजीला, आणि कधीतरी होणाऱ्या सासरच्या माणसांना.

सिकलसेलचा संबंध हीमोग्लोबिनशी आहे आणि हीमोग्लोबिन हे विकर नव्हे, वाहतूक करणारे प्रथिन आहे. परंतु याच भूभागात, मलेरियाच्या जुन्या प्रदेशांत, एका खऱ्याखुऱ्या विकराचाही जन्मजात फरक आढळतो. त्या विकराचे नाव ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज. वैद्यकात त्याला ‘जी-सिक्स-पी-डी’ म्हणतात. ते तांबड्या रक्तपेशींचे एका प्रकारच्या रासायनिक झिजेपासून रक्षण करते. काही माणसांत ते जन्मतःच कमी क्रियाशील असते. अशी माणसे एरवी बहुधा निरोगी असतात. मात्र मलेरियावरील प्रिमाक्विनसारखे औषध घेतले की त्यांच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. १९५६ साली शिकागोच्या संशोधकांनी या प्रकाराचे कारण म्हणून हे विकर ओळखले. त्यांची निरीक्षणे इलिनॉयमधील तुरुंगाच्या कैद्यांवर केलेली होती, हेही सांगितले पाहिजे. ज्ञानाच्या इतिहासात अंधाऱ्या खोल्या असतात.

आता या गोष्टी सांगणारी आपली भाषा पाहू. तीन शब्द सतत कानी येतात : दोष, वाहक आणि रक्त.

‘दोष’ हा शब्द मराठीत एकटा राहत नाही. त्याच्याजवळ ‘देणे’ हे क्रियापद उभेच असते. इंग्रजीत उणिवेला एक शब्द आणि ठपक्याला दुसरा. मराठीत दोहोंना ‘दोष’ हा एकच पुरतो. त्यामुळे ‘मुलाच्या रक्तात दोष आहे’ या वाक्यामागून ‘दोष कोणाचा?’ हा प्रश्न व्याकरणाच्या बळावरच चालत येतो. जी-सिक्स-पी-डीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळते. म्हणजे मुलात हा फरक दिसला की बोट सरळ आईकडे वळते. जीवशास्त्राचे विधान आणि सासरचा आरोप एकाच शब्दात मावतात, आणि ऐकणारीला त्यांतला भेद करता येत नाही.

‘वाहक’ची गोष्ट थोडी विनोदी, थोडी खेदाची आहे. एस. टी. बसमध्ये तिकीट देणारा तो वाहक. मलेरिया पसरवणारा डास तोही वाहक. सिकलसेलचे जनुक एका बाजूने मिळालेली, स्वतः सहसा निरोगी असणारी मुलगी, तीही वाहक. तिन्ही अर्थ एका शब्दात राहतात, तेव्हा तिसऱ्यावर दुसऱ्याची सावली पडणारच. सिकलसेल स्पर्शाने लागत नाही, हे पुनःपुन्हा सांगावे लागते, त्याचे एक कारण या शब्दातही असावे.

‘रक्त’ हा शब्द तर घराण्याचा ध्वजच आहे. रक्ताचे नाते, रक्तातच आहे, एका रक्ताचे. यांत रक्त म्हणजे एक अखंड, न विभागणारी वस्तू. ती पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी वाहते, तिच्यात काही मिसळले तर ती गढूळ होते. हे रूपक आपल्या कथा-कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. आनुवंशिकतेचे शास्त्र मात्र नेमके याच्या उलट सांगते. वारसा तुकड्या-तुकड्यांनी येतो, प्रत्येक तुकडा वेगळा येतो आणि प्रत्येक पिढीत तुकड्यांची नवी जुळणी होते. हे ज्ञान माणसाला ज्या मार्गांनी झाले, त्यांतला एक मोठा मार्ग प्रयोगशाळेतील उंदरांच्या पिंजऱ्यांतून जातो. तो थोडा पाहण्यासारखा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये ॲबी लॅथ्रॉप नावाच्या बाई हौशी लोकांना विकण्यासाठी उंदीर पाळत असत. तांबूस, काळे, पांढरे, ठिपक्यांचे. हार्वर्डच्या संशोधकांनी तिथून उंदीर नेले. क्लॅरेन्स लिट्ल या तरुणाने १९०९ साली सख्ख्या भावंडांचा संकर पिढ्यामागून पिढ्या करीत उंदरांचा पहिला अंतःप्रजात वाण सिद्ध करायला घेतला. असा संकर सलग वीस पिढ्या केला की त्या वाणातील सगळे उंदीर जवळजवळ एकसारखे होतात. आईकडून आणि बापाकडून आलेल्या प्रतींत फरक असा उरत नाही. लॅथ्रॉपबाईंच्या सत्तावन क्रमांकाच्या उंदरीच्या वंशातून १९२१ मध्ये निघालेला काळा वाण आज जगभर वापरात आहे. उंदराच्या संपूर्ण जनुकसंहितेचा २००२ साली प्रसिद्ध झालेला मसुदा त्याच वाणाचा होता.

महाराष्ट्राचाही या इतिहासात वाटा आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांच्या अशा वाणांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. त्या केंद्राच्या नावाने ओळखला जाणारा उंदरांचा वाण तेथेच तयार झाला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू हे तिन्ही घटक एका रोगात कसे गुंततात, हा त्यांच्या कामाचा विषय होता. ‘वंशातच आहे’ म्हणून थांबणे त्यांना मान्य नव्हते.

असे एकसारखे वाण का हवेत? दोन वाणांत काय वेगळे आहे ते स्पष्ट दिसावे म्हणून. आणि त्या वेगळेपणाचा उपयोग काय, हे प्रथम दाखवणाऱ्यांत एक भावी कादंबरीकार होती. जे. बी. एस. हॉल्डेन, त्यांचा मित्र स्प्रंट आणि हॉल्डेन यांची धाकटी बहीण नेओमी या तिघांनी उंदीर पाळून त्यांचे संकर केले. पांढरा रंग आणि गुलाबी डोळे ही दोन लक्षणे पुढच्या पिढीत स्वतंत्रपणे न जाता बरेचदा जोडीने जातात, असे त्यांना आढळले. १९१५ साली ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’मध्ये त्यांचा लेख आला. सस्तन प्राण्यांतील अशा जोडीचा तो पहिला पुरावा. स्प्रंट त्याच वर्षी महायुद्धात मारला गेला. नेओमी मिचिसन या नावाने ती बहीण पुढे इंग्रजीतील मान्यवर कादंबरीकार झाली. हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. येताना ते नियतकालिकही त्यांनी इकडे आणले. १९८५ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी ते चालवते.

जोडीने जाणे म्हणजे काय, हे पोथीच्या भाषेत सांगता येईल. प्रत्येक उंदराजवळ एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या असतात, एक आईची आणि एक बापाची. तो पुढच्या पिढीला एकच पोथी देतो. परंतु ती देताना लेखनिक काही पाने आईच्या पोथीवरून उतरतो, मग बापाच्या पोथीकडे वळतो, मग कदाचित पुन्हा आईच्या. जवळजवळच्या पानांवरचे दोन पाठ अशा नकलेत बहुधा बरोबरच उतरतात. दूरच्या पानांवरचे पाठ वारंवार ताटातूट होऊन वेगळे पडतात. शंभर पिल्लांत किती वेळा ताटातूट झाली ते मोजले की दोन पाठांमधले अंतर कळते. शंभरांत एकदा, तर अंतर एक सेंटीमॉर्गन. गुणसूत्रांचा नकाशा असा काढतात. पोथी न उघडता, केवळ नकलांतील पाठ जुळवून, कुठला मजकूर कुठल्या पानाशेजारी आहे ते ओळखायचे. पाठचिकित्सेचा अभ्यास केलेल्या कोणाही विद्यार्थ्याला ही रीत परकी वाटू नये.

आरंभी या कामाला डोळ्यांना दिसणारे फरकच उपयोगी पडत : रंग, शेपटी, कान. ते मोजके होते. १९५५ मध्ये ऑलिव्हर स्मिथीज यांनी स्टार्चच्या खळीत विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करण्याची रीत काढली. १९५७ मध्ये हंटर आणि मार्कर्ट यांनी त्या खळीवर असे रंग टाकले की विवक्षित विकर जिथे असेल तिथेच पट्टी उमटावी. हे साधन हाती येताच वरून तंतोतंत सारखे दिसणारे उंदीर आतून वेगळे दिसू लागले. ग्लुकोज फॉस्फेट आयसोमरेज नावाचे एक विकर घ्या. काळ्या वाणात त्याची पट्टी एका जागी उमटते, बॅल्ब-सी या पांढऱ्या वाणात दुसऱ्या जागी. काम दोन्ही रूपे करतात. उंदीर दोन्हींकडचे धडधाकट. संशोधकांनी एका रूपाला ‘ए’ म्हटले, दुसऱ्याला ‘बी’. हीमोग्लोबिनच्या एका घटकाची अशीच दोन रूपे दिसली. एकाची पट्टी एकेरी, दुसऱ्याची पसरट, म्हणून नावेही तशीच पडली.

ही नावे आम्हांला फार महत्त्वाची वाटतात. ‘ए’ आणि ‘बी’. ‘एकेरी’ आणि ‘पसरट’. त्यांत कुठे दोष नाही, कमतरता नाही, कूळ नाही. फरक ही येथे एक खूण आहे आणि खूण असल्यामुळेच ती मोलाची आहे. ज्या विकरात सगळे उंदीर एकसारखे, त्या विकराचे जनुक या रीतीने नकाशावर दाखवताच येत नाही; फरक असेल तरच जागा कळते. वर सांगितलेले विकर, हीमोग्लोबिनचा तो घटक, पांढऱ्या रंगाचे जनुक आणि गुलाबी डोळ्यांचे जनुक, ही चारही उंदराच्या सातव्या गुणसूत्रावर आहेत, हे असेच फरकांच्या साहाय्याने ठरले. आणि गंमत अशी की पांढरा रंग हाही विकराचाच फरक आहे. टायरोसिनेज नावाचे विकर काम करीनासे झाले की काळा रंग तयार होत नाही. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या आपल्या म्हणीत वाण म्हणजे रंग; तो शेजाराने लागत नाही, हे म्हण रचणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक होते.

उंदरांच्या रंगाने आणखी एक गोष्ट शिकवली, आणि ती आपल्या ‘रक्त’ या शब्दाच्या मुळावर येणारी आहे. १९६१ साली इंग्लंडमधील मेरी लायन यांनी काही उंदरींच्या अंगावरील ठिपक्यांवरून असा सिद्धान्त मांडला की, मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकच जागे असते. कुठल्या पेशीत कुठले, हे गर्भावस्थेत आरंभीच ठरते. पुढच्याच वर्षी अर्नेस्ट बॉइटलर आणि सहकाऱ्यांनी तोच न्याय माणसात दाखवला, आणि त्यासाठी त्यांनी जी-सिक्स-पी-डीचा फरकच खूण म्हणून वापरला. या विकराचे एक रूप आईकडून आणि दुसरे बापाकडून मिळालेल्या स्त्रीच्या रक्तात दोन प्रकारच्या तांबड्या पेशी असतात. काहींत एक पाठ, काहींत दुसरा. जिच्यावर ‘रक्तात दोष’ म्हणून बोट दाखवले जाते, त्या बाईच्या रक्तात दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत असतात. मग अखंड आणि एकजिनसी रक्त कुणाचे?

आता आमच्या विषयाकडे येऊ. मराठी वाङ्मयाच्या परंपरेला फरकांशी कसे वागावे याचा दीर्घ अनुभव आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती नकलांत फरक पडत गेले म्हणूनच. महानुभावांनी तर त्याहून वेगळी वाट धरली. लीळाचरित्राची मूळ प्रत हरवल्यानंतर निरनिराळ्या परंपरांनी ते स्मरणातून पुन्हा सिद्ध केले, आणि पोथ्यांत हे फरक पुसून न टाकता त्या त्या परंपरेच्या नावाने राखले गेले. हिराइसेचा पाठ, पिढीपाठ. ‘पिढीपाठ’ या शब्दापाशी क्षणभर थांबावे. पिढीने दिलेला पाठ. जनुकाच्या रूपाला याहून सुंदर मराठी नाव कोणते सापडणार? ज्या लीळाचरित्रात भंडाऱ्याचे निळभट्ट भांडारेकार येतात, त्या ग्रंथाचीच ही परिभाषा आहे, याचा आम्हां या जिल्ह्यातील लोकांना थोडा अधिक आनंद होतो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. तिच्या पानापानावर मुख्य मजकुराखाली पाठभेदांची रांग असते. संपादकाच्या लेखी ते पाठभेद म्हणजे कचरा नव्हे. कोणत्या पोथ्या एका कुळातल्या, कोणती काश्मीरची, कोणती मलबारची, हे त्यांच्यावरूनच कळते. दोन पोथ्यांत एकच विशिष्ट फरक आढळला की त्यांचा पूर्वज एक असावा, असे अनुमान निघते. जी-सिक्स-पी-डीच्या अभ्यासाची रीत याहून फार वेगळी नाही. जगभर त्या विकराची शेकडो रूपे नोंदली गेली आणि पोथ्यांप्रमाणेच त्यांना गावांची, प्रदेशांची नावे मिळाली : मेडिटरेनियन, ओरिसा, केरळ. त्यांत एक आपल्याकडचे आहे. १९८४ साली ईश्वाद आणि नाईक यांनी एका कोळी कुटुंबात आढळलेल्या नव्या रूपाची नोंद केली आणि त्याला ‘कल्याण’ हे नाव दिले. पुढे १९९२ मध्ये जनुकाचा मजकूरच वाचला गेला, तेव्हा ‘केरळ’ आणि ‘कल्याण’ ही दोन रूपे म्हणजे एकच पाठ असल्याचे उघड झाले; दोन्हींत एकाच जागी एकच अक्षर बदललेले होते. अशा वेळी पोथ्यांच्या संपादकाला जो आनंद होतो, तोच हे वाचताना आम्हांला झाला.

‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव तर सर्वांच्या परिचयाचे. १९५२ साली मुंबईच्या डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो नोंदला. त्याच्याही मुळाशी एक विकर आहे. ते काम करीत नसल्याने तांबड्या पेशींवरील एक पदार्थ तयार होत नाही. असा रक्तगट असलेले लोक निरोगी असतात, अडचण रक्त घेण्याची वेळ आली तरच येते. कोणी त्याला ‘बॉम्बे दोष’ म्हटले नाही. गावाच्या नावाने ओळखले जाणारे ते एक दुर्मीळ रूप झाले. नाव कसे पडते, यावर पुष्कळ अवलंबून असते, याचा हा पुरावा.

आमच्या या म्हणण्यावर आक्षेप येतील, आणि ते आलेही पाहिजेत.

पहिला आक्षेप असा की, शब्द गोड केल्याने वेदना कमी होत नाही. सिकलसेलचे जनुक दोन्ही बाजूंनी मिळालेल्या मुलाच्या सांध्यांत ज्या कळा येतात, त्यांना ‘पाठभेद’ म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. हे आम्हांला मान्य आहे. तो रोग आहे आणि त्याला रोगच म्हटले पाहिजे. परंतु पाठचिकित्सेतही सर्व पाठ सारखे मानत नाहीत. काही पाठांनी अर्थ बदलतो, काहींनी बदलत नाही, काहींनी ओवी कोसळते. सिकलसेलमध्ये हीमोग्लोबिनच्या एका साखळीत एकच घटक बदललेला असतो. हा पाठ एका पोथीत असेल तर माणूस सहसा निरोगी राहतो, इतकेच काय, बालपणीच्या गंभीर मलेरियापासून त्याला काही संरक्षणही मिळते. १९५४ साली ॲलिसन यांनी आफ्रिकेतील निरीक्षणांवरून ते दाखवले. दोन्ही पोथ्यांत तोच पाठ आला तर रोग. पाठ एकच, संदर्भ निराळे. शब्द आणि संदर्भ यांचे हे नाते साहित्याच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही. ‘पाठभेद’ म्हटल्याने रोग लपत नाही. रोग कुठे सुरू होतो आणि केवळ फरक कुठे संपतो, ती रेघ उलट अधिक स्पष्ट होते. ‘दोष’ या शब्दाने ती रेघ पुसली जाते. निरोगी मुलगी आणि आजारी मूल एकाच ओळीत बसतात.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. पाठभेद म्हटले की मूळ पाठ आला, शुद्ध प्रत आली. मग ज्यांच्याजवळ मूळ पाठ ते श्रेष्ठ, इतर अपभ्रष्ट, असा अर्थ निघणार नाही काय? आपल्या समाजात ‘शुद्ध’ या शब्दाने काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. येथे उंदरांचा इतिहास पुन्हा कामास येतो. शुद्ध वाण निसर्गात नव्हता. भावंडांचे संकर वीस पिढ्या करून तो बनवावा लागला. शुद्धता म्हणजे भेदांचा लोप, आणि तिची किंमत मोठी होती. असे अनेक वंश कमी पिल्ले होऊन, दुबळे होऊन मधल्या मध्ये संपले. आणि काळ्या वाणाची जनुकसंहिता ही ‘संदर्भप्रत’ ठरली ती सोयीसाठी. तो उंदरांचा आदिपुरुष आहे, असे कोणी मानत नाही. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक सुकथनकर यांनीही आपण व्यासांचे मूळ शब्द देत आहोत असा दावा केला नव्हता. उपलब्ध पोथ्यांवरून पोहोचता येईल तितके जुने रूप, एवढाच त्यांचा दावा होता. ‘संदर्भप्रत’ हा शब्द आम्हांला म्हणूनच मोलाचा वाटतो. ती तुलनेसाठी असते, मिरवण्यासाठी नसते.

जातीच्या शुद्धतेचीही हीच कथा आहे. इरावती कर्वे आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी १९६८ साली एकाच सामाजिक पातळीवर मानल्या गेलेल्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एका नावाखाली आणि एका दर्जाखाली मोडणारे गटही एकमेकांपासून वेगळे असल्याचे तिच्यात दिसले. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या बाईंनी महाभारताच्या पाठांकडे आणि माणसांच्या मोजमापांकडे एकाच चिकित्सक दृष्टीने पाहिले, हा योगायोग नव्हे, असे आम्हांस वाटते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. खेड्यातल्या आजीला ‘पाठभेद’ कळेल का? आमचे उत्तर असे की, ‘जनुकीय उत्परिवर्तन’ तिला कळते त्याहून निश्चित अधिक कळेल. हरिपाठ तिला माहीत आहे. एकच अभंग दोन गावांच्या दिंड्यांत एखाद्या शब्दाच्या फरकाने म्हटला जातो, हेही तिला माहीत आहे, आणि त्यावरून तिने कुठल्या गावाला दोष दिलेला नाही. भाताच्या वाणांचा तिचा अनुभव तर आमच्यापेक्षा मोठा आहे. भंडाऱ्याचा चिन्नोर सुवासिक, पण उतारा कमी. दुसरा वाण उताऱ्याला चांगला, पण त्याला वास नाही. प्रत्येकाला आपली जमीन, आपले पाणी. चिन्नोरला ती दोषी धान म्हणत नाही.

आता काही सूचना. नव्या शब्दांचा कोश आम्हांला काढायचा नाही. सरकारी समित्यांनी घडवलेले आणि कोणीच न वापरलेले शब्द पुष्कळ आहेत. परंतु जिथे फरकाने आजार होत नाही तिथे ‘दोष’ लिहू नये, एवढे तरी पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे आणि आरोग्याची पत्रके यांनी ठरवावे. ‘वाहक’ऐवजी ‘उभयपाठी’सारखा शब्द रूढ होतो का, ते पाहावे, एक पाठ आईचा आणि दुसरा बापाचा, दोन्ही बाळगणारी व्यक्ती. ‘एकपाठी’ हा शब्द आपल्याकडे कौतुकाचा आहे, त्याच्या शेजारी ‘उभयपाठी’ला संकोच वाटण्याचे कारण नाही. ‘निर्मूलन’ म्हणताना कशाचे निर्मूलन, हे स्पष्ट लिहावे. रोगाचे निर्मूलन हवेच. जनुक बाळगणाऱ्या माणसांचे मूळ उपटायचे नाही, हे पहिल्याच ओळीत यावे.

आणि एक काम आमचे, म्हणजे मराठी विभागांचे. एम. ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आपण ज्ञानेश्वरी, लीळाचरित्र, महाभारत येथवर येऊन थांबतो. तिथून एक पाऊल पुढे जाऊन विज्ञान विभागातील सहकाऱ्याला एका तासासाठी बोलवावे आणि उंदरांच्या सातव्या गुणसूत्राचा नकाशा फळ्यावर काढायला सांगावा. मग विद्यार्थ्यांना विचारावे की, पोथ्यांची वंशावळ आणि हा नकाशा यांत साम्य काय आणि भेद काय. ‘चिकित्सा’ हा शब्द वैद्य आणि संपादक या दोघांचाही आहे, हे तेव्हा त्यांना आपोआप कळेल. त्याच वर्गात एखादी मुलगी पिशवीत कार्ड घेऊन बसलेली असेल. तिने घरी जाऊन आईला काय सांगावे, याची वाक्ये त्या तासाला तयार झाली, तर मराठीचा तो तास वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.